पेटीवरची शेवटची तारीख

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर गंजलेले पाने, बंद पडलेली घड्याळं आणि पितळी नळ यांच्या गर्दीत एखादी लाकडी पेटी दिसतेच. दोन्ही अंगांना दोरीच्या मुठी, झाकणाला जाड कोयंडा, बाजूवर पुसट झालेली पांढरी किंवा पिवळी अक्षरं. किंमत विचारायच्या आधीच उत्तर मिळतं, ‘ब्रिटिशकालीन आहे साहेब, दारूगोळ्याची.’ यातला दुसरा भाग बरेचदा खरा निघतो. पहिल्याची खात्री करायची तर पेटी उलटी करावी लागते, झाकण आतून बघावं लागतं, आणि विक्रेत्याची नाराजीही ओढवून घ्यावी लागते.

अशा पेट्या आपल्याकडे इतक्या का, याचं उत्तर नकाशावर आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्याच शेजारी १९४० मध्ये स्फोटकांचा दुसरा कारखाना उभा राहिला. पुढे देहू रोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावती, पुलगाव अशी डेपोंची आणि कारखान्यांची रांगच महाराष्ट्रात लागली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सैन्याकडे उरलेला माल सरकारनं विकायला काढला आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठी घरांत शिरला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचं ब्लँकेट, डिस्पोजलची पेटी. गाड्या आणि ब्लँकेटं झिजून संपली. पेट्या टिकल्या, कारण त्या टिकण्यासाठीच केलेल्या होत्या. पावसात, बोटीच्या तळाशी, खेचराच्या पाठीवर काडतूस कोरडं ठेवणं एवढंच त्यांचं काम.

पेटी ओळखायला शिकणाऱ्याची पहिली अडचण अशी की तिला एकच जन्मतारीख नसते. सुतारकामाच्या कारखान्यानं ती बनवली ते एक साल. तिच्यात माल भरून झाकण सीलबंद झालं ते दुसरं. आतली काडतुसं त्याआधीच तयार होऊन कोठारात पडलेली असू शकतात, तो लॉट तिसऱ्या सालचा. मग मधल्या काळात कुणी तपासणी केली, माल काढून पुन्हा भरला, रिकामी पेटी आघाडीवरून परत आली आणि तिच्यात भलताच माल गेला. युद्धात लाकडाची टंचाई होती, त्यामुळे चांगली पेटी फेकून देण्याची चैन कुणालाच परवडत नव्हती. जुन्या अक्षरांवर रंगाचा एक हात मारायचा आणि नवी अक्षरं उमटवायची. पेटी वाचायची ती सातबाऱ्यासारखी : मूळ नोंद महत्त्वाची खरी, पण फेरफार न बघता व्यवहार केला की फसगत ठरलेली.

म्हणून या कामातला पहिला नियम सोपा आहे. पेटीवर जितक्या तारखा सापडतील तितक्या लिहून काढायच्या आणि सर्वांत अलीकडची धरायची. पेटी शेवटची बंद झाली ती त्या तारखेच्या आधी असूच शकत नाही. सर्वांत जुनी तारीख सांगून पेटी विकली जाते आणि सर्वांत नवी तारीख बघून ती ओळखली जाते. बाजार आणि अभ्यास यांच्यातलं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

तारीख शोधण्याच्या आधी डोळे बाण शोधतात. तीन रेघांचा, कावळ्याच्या पावलासारखा दिसणारा हा बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का. तोफा, दोरखंड, टपालखात्याच्या वस्तू, कैद्यांचे कपडे, सगळ्यांवर तो उमटवला जाई आणि परवानगीशिवाय तो वापरणं हा गुन्हा होता. साम्राज्य पसरलं तसे त्याचे प्रकार झाले. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर माल भारत सरकारचा. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन ‘डी’ अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया. ‘यू’च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका. महायुद्धात या सगळ्या देशांचा माल मुंबईच्या गोदीत उतरत होता, तेव्हा इथल्या बाजारात कॅनडाचा बाण सापडला तर दचकायचं कारण नाही. सगळ्यांत मजेचा शिक्का म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन बाण. त्याचा अर्थ, हा माल सरकारनं रीतसर विकून टाकला आहे, आता तो तुमचा. चोरबाजारात अशी वस्तू मिळाली तर तिथली ती एकमेव सरकारी पावतीवाली वस्तू म्हणायला हरकत नाही.

बाणाच्या आसपासची अक्षरं कारखाना सांगतात आणि इथं नवशिके घसरतात. नुसतं ‘के’ म्हणजे बर्मिंगहॅमची कायनॉक कंपनी. ‘के.एन.’ म्हणजे किंग्ज नॉर्टन मेटल कंपनी. ‘के.एफ.’ म्हणजे आपली किर्की फॅक्टरी, खडकी. एक अक्षर पुसलं गेलं की पेटी सात समुद्र ओलांडते. ‘आर’ आणि ‘एल’च्या मधे बाण म्हणजे वुलविचची रॉयल लॅबोरेटरी, ‘आर.जी.’ म्हणजे रॅडवे ग्रीन, ‘एम.एफ.’ म्हणजे मेलबर्नजवळचं फुटस्क्रे, ‘ओ.एफ.व्ही.’ म्हणजे वरणगाव. हीच अक्षरं काडतुसाच्या बुडावरही ठोकलेली असतात, जोडीला वर्षाचे आकडे. पेटी आणि तिच्यातली रिकामी पुंगळी यांची अक्षरं जुळली तर आनंद करावा, पण खात्री तरीही धरू नये. विक्रेत्यांच्या हाती पुंगळ्या वेगळ्या मिळतात, पेट्या वेगळ्या, आणि लग्नं बाजारातच लागतात.

शिक्क्याइतकंच बोलकं असतं मालाचं नाव. ब्रिटिशांच्या .३०३ बोअरच्या काडतुसाचा ‘मार्क सात’ हा प्रकार १९१० मध्ये स्वीकारला गेला. पेटीवर तो उल्लेख असेल तर पेटी त्याआधीच्या बोअर युद्धातली आहे ही थाप तिथंच संपते. त्या सातचा आकडा कसा लिहिला आहे तेही बघायचं. ब्रिटिश लष्कर १९४४ च्या सुमारापर्यंत रोमन आकडे वापरत असे, त्यानंतर साधे आकडे आले. एका उभ्या रेघेवरून पेटी युद्धाच्या अलीकडे की पलीकडे, याचा अंदाज बांधता येतो.

आता खास आपल्याकडची अडचण. विलायतेतल्या पुस्तकात बघून इथल्या पेटीचं वय काढलं तर बरेचदा चुकतं, कारण भारतात शस्त्रं उशिरा पोचली आणि उशिरापर्यंत राहिली. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हातात गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, हे धोरणच होतं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंद इथं ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. त्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या आणि तिच्याच शेजारी लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या पलटणींकडे जुन्या स्नायडर. एकच मैदान, एकच दिवस आणि काडतुसांच्या पेट्या मात्र दोन काळातल्या. स्नायडरची पेटी दिसली म्हणून ती १८७० च्या आतली, हा इंग्लंडातला हिशेब इथं चालत नाही.

.३०३ ची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची. इंग्लंडनं ही रायफल १९५० च्या दशकात सैन्यातून हटवायला सुरुवात केली. भारतीय सैन्य १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या रायफलींकडे वळलं. पण पोलीस मागेच राहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या अनेक शिपायांच्या खांद्यावर .३०३ च होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. एवढी वर्षं रायफल वापरायची तर काडतुसंही बनवावी लागतात. स्वातंत्र्यानंतर कितीतरी काळ खडकीत .३०३ चा माल तयार होत राहिला, त्याच के.एफ. अक्षरांनिशी. म्हणजे ‘.३०३’ आणि ‘के.एफ.’ दोन्ही असलेली पेटी राणीच्या राज्यातली असेल, नेहरूंच्या काळातली असेल किंवा इंदिरा गांधींच्या. वजन पौंडात लिहिलं आहे की किलोत, हे अशा वेळी फार उपयोगी पडतं. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा आणि ती देशभर रुळली साठच्या दशकात. पेटीवर किलोग्रॅम दिसले की ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द मनातल्या मनात खोडून टाकावा.

*

पेटी नीट न ओळखल्यामुळे इतिहास किती भरकटू शकतो, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. २२ जानेवारी १८७९ ला इसान्डलवाना डोंगराच्या पायथ्याशी झुलू सैन्यानं ब्रिटिशांची छावणी पुरती कापून काढली. तेराशेहून अधिक माणसं पडली. भाले आणि ढालींनी लढणाऱ्या फौजेसमोर मार्टिनी-हेन्री बंदुका असलेली पलटण नष्ट कशी होते, हा प्रश्न लंडनला झोंबला. उत्तर हवं होतं, आणि असं हवं होतं की ज्यात सेनापतीची अब्रू फार जाणार नाही.

उत्तर सापडलं पेटीत. काडतुसांच्या पेट्यांना तांब्याच्या पट्ट्या होत्या, त्या स्क्रूंनी आवळलेल्या होत्या, ऐन वेळी स्क्रू-ड्रायव्हर मिळाले नाहीत, आणि जे भांडारप्रमुख पेट्यांवर बसले होते त्यांनी दुसऱ्या बटालियनच्या माणसांना काडतुसं द्यायला नकार दिला. होरेस स्मिथ-डोरियन हा तरुण अधिकारी त्या कत्तलीतून वाचला आणि पुढे मोठा सेनानी झाला. त्यानं उतारवयात लिहिलेल्या आठवणींत हा नकाराचा प्रसंग येतो. १९६५ मध्ये डोनाल्ड मॉरिस यांचं ‘द वॉशिंग ऑफ द स्पिअर्स’ हे जाडजूड पुस्तक आलं आणि ही हकीकत घरोघरी पोचली. १९७९ च्या ‘झुलू डॉन’ चित्रपटात तर काडतुसांसाठी रांग लावलेले सैनिक दिसतात. कारकुनी खाक्यानं पलटण मेली, ही गोष्ट कुणालाही पटते. सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला तर लगेच.

मग काही लोकांनी पेटीच हातात घेऊन बघितली. मार्टिनी-हेन्रीची ती पेटी भक्कम लाकडाची, आतून पत्र्याचं अस्तर, दहा-दहाच्या कागदी पुड्यांत सहाशे काडतुसं. तांब्याच्या पट्ट्या होत्या हे खरं, त्या स्क्रूंनी बसवल्या होत्या हेही खरं. पण माल काढायला त्या पट्ट्या सोडवायची गरजच नव्हती. दोन पट्ट्यांच्या मधे झाकणाचा एक पाचरीच्या आकाराचा तुकडा खाचेत सरकवलेला असे आणि तो एकाच पितळी स्क्रूनं अडवलेला असे. घाई असेल तर त्या तुकड्यावर बंदुकीचा दस्ता किंवा बुटाची टाच हाणली की स्क्रू वाकून झाकण निघे. रणभूमीवर असे वाकलेले स्क्रू सापडलेही आहेत. आणि गंमत अशी की त्याच स्मिथ-डोरियननं लढाईनंतर लगेच वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपण पुढच्या कंपन्यांना जादा काडतुसं पोचवत होतो असं म्हटलं आहे. तरुणपणीचं पत्र आणि म्हातारपणीची आठवण यांत पत्रावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं.

पराभवाची कारणं मग दुसरीकडे शोधावी लागली : छावणीपासून फार पुढे, फार विरळ पसरलेली गोळीबाराची ओळ, दुभंगलेली फौज, आणि मुख्य म्हणजे झुलू सेनानींची शिंगासारखी दोन्ही बाजूंनी घेरणारी रचना. पेटीवर दोष टाकला की हे शेवटचं कारण झाकलं जातं. झुलू जिंकले नाहीत, आपलाच स्क्रू घट्ट होता, असं मानायची सोय होते.

या पेटीतली तांब्याची पट्टी आणि पितळी स्क्रू हे शोभेसाठी नव्हते. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडते, तांब्या-पितळेची पडत नाही. काळ्या दारूच्या काळात, म्हणजे .३०३ मध्ये कॉर्डाइट ही बिनधुराची दारू येण्याच्या आधी, १८९१ पूर्वी, हा जीवनमरणाचा भाग होता. जुन्या पेटीत तांबं-पितळ सढळ दिसतं. पुढे पितळी पुंगळीत बंद झालेलं काडतूस तुलनेनं सुरक्षित झालं, धातू महाग झाले आणि पेट्यांवर साधं लोखंड, मग पत्रा, मग नुसत्या तारा आल्या. फळ्यांचे सांधेही असेच उतरत गेले. कोपऱ्यावर दात एकमेकांत अडकवलेला सांधा सवडीचा, खिळे ठोकून जोडलेली फळी घाईची. प्लायवुड आणखी पुढचं. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू तर १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. पहिल्या महायुद्धातली म्हणून दाखवलेल्या पेटीत तो दिसला तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे, बहुधा सगळी पेटीच.

अक्षरं पार गेली असतील तरी पोट सांगतं. आत बारा खाने आणि मधोमध एका गोल डब्याची जागा असेल तर ती ३६ नंबरच्या हातबॉम्बची, म्हणजे मिल्स बॉम्बची पेटी. बॉम्ब बारा, त्यांचे डिटोनेटर मधल्या पत्र्याच्या डब्यात वेगळे, आणि बुडाचं बूच फिरवायची चावी सोबत. डिटोनेटर शेवटच्या क्षणी बसवायचे, म्हणून ही वेगळी सोय. आज त्या बारा खान्यांत लोक बाटल्या ठेवतात. मापाला अगदी बसतात.

*

पेटीवरची सगळी अक्षरं संग्राहकांसाठी लिहिलेली नसतात हे विसरायला होतं. ती हमालासाठी, गोदी कामगारासाठी, रेल्वेच्या डब्यात माल रचणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. हे नीट कळायला मुंबईइतकी दुसरी जागा नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. त्याच बोटीत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या, तेलाची पिंपं होती, आणि पोलादी कप्प्यात खोक्यांतून सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटकांतला एक हिस्सा ‘ए’ वर्गातला, म्हणजे सर्वांत नाजूक. अशा बोटीनं लाल बावटा लावायचा ही जुनी रीत, तो लावलेला नव्हता. दुपारी कापसातून धूर दिसला. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. मृतांचा आकडा आठशेहून अधिक, काही अंदाजांनी तेराशे. आग विझवताना मेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

खोक्याखोक्यावर लिहिलेलं असतं की हे कशाशेजारी ठेवायचं नाही. फोर्ट स्टिकिनमध्ये कापूस स्फोटकांच्या खालीही होता आणि वरही. अक्षरं होती, वर्गवारी होती, कागदही होते; युद्धाच्या घाईत रचना मात्र अक्षरांप्रमाणे झाली नाही. ही वर्गवारी पुढे जगभर एकसारखी करण्याचे प्रयत्न झाले आणि त्यातून संयुक्त राष्ट्रांची पद्धत आली : नारिंगी चौकट टोकावर उभी, आत स्फोटाचं चित्र, खाली वर्गाचा आकडा. छोट्या काडतुसांच्या पेटीवर हमखास ‘यूएन ००१२’ असतं. ही चौकट असलेली पेटी महायुद्धातली असूच शकत नाही. सत्तरच्या दशकानंतरची समजा. मूळ जुन्या पेटीवर ती नंतर चिकटवलेली असेल, तर ती पेटी दोन आयुष्यं जगली आहे.

इतर देशांच्या पेट्या वाचण्यात वेगळीच गोडी आहे, कारण प्रत्येकाचा स्वभाव अक्षरांत उतरतो. जर्मनांच्या काडतुसांच्या खोक्यावरची चिठ्ठी म्हणजे हिशेबनीसाचं स्वप्न. पुंगळी कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या सालची, दारू कोणत्या लॉटची, गोळी कुठली, बुडातली टोपी कुठली, सगळं वेगवेगळं. चारी तारखा जुळत नाहीत आणि म्हणूनच सर्वांत अलीकडची धरायची. कारखान्यांची नावं शत्रूला कळू नयेत म्हणून १९४० च्या सुमाराला तीन अक्षरी सांकेतिक खुणा आल्या. माग्डेबुर्गची पोल्टे कंपनी आधी ‘पी’ लिहायची, मग ‘ए.यू.एक्स.’ लिहायला लागली. ज्या संकेतानं कारखाना लपवला, त्याच संकेतानं आज साल उघडं पडतं.

अमेरिकी पद्धत सरळ. पिवळ्या अक्षरांत लॉट नंबर. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात सालाचे दोन आकडे आणि त्यापुढे महिन्याचं अक्षर येतं : ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं. ‘आय’ अक्षर एकाच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून गाळलेलं, त्यामुळे सप्टेंबरला ‘जे’ आणि डिसेंबरला ‘एम’. सुरुवातीला ‘एल.सी.’ असेल तर लेक सिटीचा कारखाना आणि त्यापुढे ‘८४ एफ’ असेल तर जून १९८४. फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल १९७७ मध्ये बंद झालं, म्हणून ‘एफ.ए.’ आणि ऐंशीचं साल एकत्र दिसलं तर शंका घ्यावी. सोव्हिएत पेटी सहसा हिरवी, अक्षरं काळी, कारखान्याला नाव नाही, फक्त नंबर. रायफलच्या लांब काडतुसांच्या पेटीत सीलबंद पत्र्याचे दोन डबे, प्रत्येकात ४४०, एकूण ८८०. डबा फोडायचं पातंही काही पेट्यांत सोबत यायचं. त्यासाठी वेगळा स्क्रू-ड्रायव्हर शोधायची वेळ रशियन सैनिकावर येत नसे, झुलू युद्धाची ती दंतकथा त्यांच्यापर्यंत पोचलेली असो वा नसो.

*

हा सगळा छंदाचा मामला वाटू शकतो. पण पोलीस आणि तपास यंत्रणा हेच करतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर सापडलेल्या हातबॉम्बवर ‘अर्जेस’ हे ऑस्ट्रियन कंपनीचं नाव होतं. ऑस्ट्रियाकडे चौकशी केल्यावर उत्तर आलं की ते पाकिस्तानात, तिथल्या सरकारी कारखान्यात, ऑस्ट्रियन तंत्रज्ञान वापरून बनलेले आहेत. नाव एका देशाचं, हात दुसऱ्याचा. अलीकडे ब्रिटनमधली ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ ही संस्था इराक आणि सीरियात फिरून इस्लामिक स्टेटच्या ठिकाणांवरच्या काडतुसांचे लॉट नंबर आणि पेट्यांवरच्या खुणा टिपत गेली. डिसेंबर २०१७ च्या त्यांच्या अहवालात दिसलं की पूर्व युरोपात बनलेला बराच माल अमेरिका आणि सौदी अरेबियानं विकत घेतला होता आणि तिथून तो सीरियातल्या बंडखोरांमार्फत भलत्याच हातांत गेला. त्याच संस्थेच्या २०१६ च्या अहवालात स्फोटकांच्या सुट्या भागांचा माग काढताना सात भारतीय कंपन्यांचा माल सापडला, कायदेशीर परवान्यानं लेबनॉन आणि तुर्कस्तानला गेलेला. तिथून पुढे कुणी वळवला हा वेगळा प्रश्न. विकणाऱ्यानं खुणा पुसल्या नव्हत्या म्हणून तरी तो प्रश्न विचारता आला.

बाजारातल्या पेट्यांबाबत उलटं होतं. तिथं खुणा पुसल्या जात नाहीत, वाढवल्या जातात. जुन्या पेटीच्या सजावटीला गेल्या काही वर्षांत चांगला भाव आला आहे. कॅफेत बसायला, बंगल्यात टीपॉय म्हणून, फोटोग्राफरच्या स्टुडिओत. मागणी वाढली की माल वाढतोच. नव्या फळीवर चहापाणी किंवा रसायन लावून जुनेपणा आणायचा, कोपरे साखळीनं ठेचायचे आणि वर ‘आर्मी’, ‘अ‍ॅम्युनिशन’, ‘१९४२’ असं झोकदार लिहायचं. खऱ्या पेटीवर ‘आर्मी’ असं क्वचितच असतं. आर्मीच्या गोदामात आर्मीची पेटी आहे हे सांगायची कुणाला गरज? तिथं असतात नंबर, वजन, लॉट आणि धोक्याचा वर्ग, म्हणजे कंटाळवाण्या गोष्टी. कंटाळवाणी पेटी बहुधा खरी.

अक्षरंच चोर पकडून देतात. पत्र्याच्या साच्यातून रंग मारला की ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ या अक्षरांच्या मधे जोड राहतात, नाहीतर आतला तुकडा गळून पडेल. अखंड गोल ‘ओ’ दिसला तर तो साच्यातून आलेला नाही. खऱ्या पेटीत अक्षराचा रंग मळाखाली असतो आणि ओरखडे अक्षराच्या आरपार गेलेले असतात. नकलीत अक्षर मळाच्या वर तरंगतं. कोयंडा काढून बघितला तर त्याच्या खाली मूळ रंग ताजा असायला हवा. तिथंही तेच एकसारखं ‘जुनं’ लाकूड दिसलं तर पेटी गेल्या वर्षीची. आणि एकाच गाळ्यावर पाच पेट्या, पाचींवर तोच लॉट नंबर, त्याच जागी, त्याच तिरकेपणानं, हे सैन्यात घडू शकतं. पण पाचींवरचा ओरखडाही त्याच जागी असेल तर नाही.

एक गोष्ट मात्र छंदात कधीही आणू नये, ती म्हणजे भरलेली पेटी. डोंगरात, नदीकाठी किंवा जुन्या फायरिंग रेंजजवळ अशी वस्तू सापडली तर हात न लावता पोलिसांना कळवणं, एवढंच करायचं असतं. जुनी स्फोटकं वयाबरोबर निवळत नाहीत, काही तर अधिक बेभरवशाची होतात. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या डेपोत लागलेल्या आगीत पंधराहून अधिक माणसं गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथूनच जवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात सहा जणांचा बळी गेला. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे आणि ‘आजोबांच्या पेटीत निघालं’ हा त्यावर बचाव नाही.

पेटी रिकामी, स्वच्छ आणि खरी निघाली, तर पुढची चूक घरी होते. सुतार येतो, रंधा मारतो, पॉलिश चढवतो, आणि पेटी झळकायला लागते. त्याच्या दृष्टीनं त्यानं उपकारच केलेले असतात. पण ऐंशी वर्षांची अक्षरं, दुरुस्तीचे शिक्के, आतल्या फळीवर खडूनं केलेली तपासणीची खूण, सगळं भुश्याबरोबर गेलेलं असतं. आधी सहाही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढावेत. पुसट अक्षर समोरच्या प्रकाशात दिसत नाही, बाजूनं टॉर्च धरली की उठून येतं. मग कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकावी आणि तिथंच थांबावं. वाळवी असेल तर औषध आतून लावावं. बिजागऱ्यांना तेलाचा एकेक थेंब पुरतो.

आजच्या पेट्यांचं काय होईल, हेही बघायला हवं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बरखास्त झाला आणि दारूगोळ्याचे कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या नव्या सरकारी कंपनीकडे गेले. खडकीचा कारखाना तोच आणि जागाही तीच, पण मालकाचं नाव बदललं. जुन्या नावाच्या उरलेल्या पेट्या काही काळ नव्या मालाला वापरल्या गेल्या असतील, जशा १९४७ नंतर वापरल्या गेल्या असणार. पन्नास वर्षांनी जुन्या बाजारात कुणी ती पेटी उलटी करून बघेल, तेव्हा तिच्यावरच्या दोन नावांपैकी खालचं वाचून विक्रेता २०२१ च्या आधीचं साल सांगेल, आणि घेणाऱ्याला वरचं वाचावं लागेल.